डमी म्हणजे दमी

श्रीमंत शिंप्याच्या दुकानात मी खांब समजून ज्याला टेकले होते तो खांब नव्हता. भिंगारच्या रस्त्यावरचं ते दुकान एवढंसं, त्यात लढाई सुरू झाल्यापासून लष्करी कपड्यांचे ढीग, बसायला म्हणून जागा नाही. यांचा कोर्टात घालायचा काळा कोट उलटून शिवायला दिला होता. नवं कापड तेव्हा मिळत होतं कुठं! शेवटची बटणं लागेपर्यंत उभं राहणं भाग होतं. किल्ल्यात पुढारी कोंडलेले, त्यामुळे रस्त्यावर पहारा, आणि बाहेर टांगेवाल्याची कुरकुर चाललेली. मी पाठ टेकली तशी टेकलेली वस्तू डुगडुगली.

"बाई, त्या डमीला टेकू नका," श्रीमंत मशीन थांबवून म्हणाला. "लई हलकी हाय ती. पडंल."

"कशाला टेकू नको?"

"डमीला. मागं बघा की."

मागं एक लाकडी धड होतं. अंगात खाकी कोट. मानेच्या जागी गुळगुळीत खुंट, बाह्या रिकाम्या लोंबणाऱ्या, खाली नुसता एक दांडा.

"याला डमी म्हणतात?"

"व्हय. क्यांपातलं साहेब लोक तसंच म्हनत्यात. मानूस न्हाई, पर मानसाच्या मापाचं. त्याच्यावर कापड चढवायचं अन् आपन लांबून बघायचं. डोकं न्हाई, हात न्हाई, हूं का चूं न्हाई. लई सोईचं असतंय." त्यानं दोरा दातानं तोडला. "तिसगावाहून इथं आलो तवा मलाबी ठावं नव्हतं."

खरं म्हणजे हसायला हवं होतं. पण माझी कानशिलं तापली, भर बाजारात कुणी पदर ओढावा तशी. कारण डमी हा शब्द माझा होता. गेली तीन वर्षं दर शनिवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात ब्रिजचा डाव बसत होता, त्यात चौथी मी, आणि आमच्या बाजूची बोली चालली की डमी मी. ही माझी पदवी होती. आणि मी, चाळिशीकडे झुकलेली शहाणीसुरती बाई, ती पदवी मिरवत होते.

टांग्यात बसले तरी ते धड माझ्या मागंच उभं असल्यासारखं वाटत होतं. कोट मांडीवर घडी घालून ठेवलेला, त्याला इस्त्रीचा कोमट वास, आणि डोक्यात तीन वर्षांपूर्वीचा तो पहिला शनिवार. माझे यजमान नृसिंहराव इथं नगरच्या कोर्टात वकील. त्यांचं नाव मी एकदा घेतलं, आता पुन्हा घेणार नाही, 'हे' म्हणेन. क्लबाची जागा लष्कराकडं गेली आणि पत्त्यांची मंडळी आमच्या घरी जमू लागली. डॉक्टर माधवराव, यांचे वर्गमित्र. दत्तोपंत, शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर, वयानं आम्हा सगळ्यांपेक्षा मोठे. आणि एक मामलेदार. मामलेदारांची बदली झाली, चौथा भिडू मिळेना, तेव्हा यांनी मला हाक मारली. मी पदराला हात पुसत आले. यांनी खेळ समजावून दिला आणि समजावणं यांना छानच येतं, अशिलांची पोटं त्याच्यावरच तर भरल्यासारखी होतात. समोरासमोर बसलेले दोघे भिडू. आधी बोली करायची, आपला हुकूम कुठला आणि आपण किती हात करणार ते. ज्या जोडीची बोली सगळ्यांत वरची ठरेल त्यांच्यातला एक जण खेळणार. जो तो रंग पहिल्यांदा बोलला, तो. आणि दुसऱ्यानं आपली तेराही पानं टेबलावर उघडी मांडायची आणि गप्प बसायचं. खेळणारा स्वतःचीही पानं खेळतो आणि त्याचीही. "तो दुसरा म्हणजे डमी," हे म्हणाले. मी विचारलं, डमी म्हणजे काय हो? यांनी माधवरावांकडं पाहिलं आणि म्हणाले, "डमी म्हणजे दमी. दम धरून बसतो तो. सगळ्यांत अवघड काम." माधवराव छताकडं बघायला लागले. दत्तोपंतांना खोकला आला. आणि मला वाटलं, केवढं हे कौतुक, चारचौघांत!

ड आणि द. जीभ जरा कुठं टेकते एवढाच फरक. त्या फरकात मी तीन वर्षं संसार थाटल्यासारखी राहिले होते. माहेरी कोल्हारला गेले तेव्हा प्रवरेच्या घाटावर धुणं धुताना आईला सांगितलं होतं, की मी आता इंग्रजी पत्ते खेळते, आणि त्यात मला दमी म्हणतात. आई म्हणाली होती, तुला दम धरणं पहिल्यापासूनच येतं गं. किती समाधानानं म्हणाली होती. आता टांग्यात ते वाक्य आठवलं आणि मला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग. स्वच्छ, छान, पोटातून वर चढणारा राग. किती दिवसांनी भेटला! कारण राग एका शब्दाचा नव्हता. सकाळी हे आरशासमोर उभं राहून गालाला साबण लावताना सहज बोलले होते, की नवे सबजज्ज आले आहेत, पट्टीचे खेळाडू आहेत, पुढच्या शनिवारपासून ते येतील. "तुझी सुटका," हे म्हणाले. मी बरं म्हटलं होतं. बरं म्हणून गव्हातले खडे वेचायला बसले होते, आणि खडे वेचता वेचता मला कळेना की सुटका झालेल्या माणसाच्या छातीत असं भरून का यावं.

कारण शनिवार माझा होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. आठवडाभर मी घरात असे, नुसती असे, आणि शनिवारी हातात तेरा पानं पंख्यासारखी उघडली की कुठंतरी आत दिवा लागे. लहानपणी कोल्हारला प्लेग आला तेव्हा सगळं गाव बाहेर रानात झोपड्या बांधून राहायला गेलं होतं. शाळा बंद. वडील शाळामास्तर, त्यांना शिकवल्याशिवाय करमेना, म्हणून त्यांनी आम्हा भावंडांना गोणपाटावर बसवून पत्ते शिकवले. पडलेली पानं उपरण्याखाली झाकायचे आणि विचारायचे, काय काय गेलं? भाऊ अडखळत, मी धडाधड सांगे. किलवरचा गुलाम गेला, बदामाची सत्ती गेली, चौकटची राणी अजून बाहेर आहे, दादाकडं आहे, तो नाक खाजवतोय. वडील मोठ्यानं हसत. भोवती माणसं मरत होती आणि आम्ही गोणपाटावर खदखदत होतो. असलं काही कबूल करायला लाज वाटते, पण माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे दिवस होते. जिंकले की मी ओरडत असे, अगदी झोपडीचं पाचट हलेल असं. लग्नानंतर तसा आवाज माझ्या गळ्यातून कधी निघाला नाही. काढायचं कारण पडलं नाही.

मग यांच्यासमोर बसायला लागले. आणि प्रत्येक वेळी एकच घडे. माझ्याकडं सुरेख पानं आली, मी बोलले, एक इस्पिक, की हे घसा साफ करून म्हणत, "तीन नो ट्रम्प." म्हणजे हुकमाचा रंगच नाही, आणि ती बोली पहिल्यांदा बोलले हे, म्हणून खेळणारही हेच. यांच्या हातात नो ट्रम्पची पानं असोत नसोत. मग मी माझी पानं एकेक रंग लावून टेबलावर मांडायची आणि यांची बोटं येऊन ती उचलायची. यांच्या अंगठ्याचं नख जरा लांब असतं. माझी राणी, माझा एक्का, त्या नखाखालून सरकत जाताना मी बघत असे. एकदा यांनी चुकीचं पान उचललं तेव्हा माझ्या तोंडून 'अं' एवढंच निघालं, तर रात्री जेवताना समज मिळाली, डमीनं तोंड उघडायचं नसतं. मीही मानलं. दम धरला. आणि गप्प बसून करायचं काय, तर माणसं बघायची. तीन वर्षांत मी ती तिघं पाठ केली. दत्तोपंतांना चांगली पानं आली की ते चष्मा पुसतात. माधवराव पानं रंगवार लावतात आणि एखाद्या रंगाचं एकटंच पान आलं असेल तर ते डाव्या टोकाला, बाकीच्यांपासून किंचित सुटं धरतात. ते पान मोठं असेल तर त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहतात. हे मात्र कशानंच कळत नाहीत. यांना प्रत्येक वेळी आपली पानं चांगलीच वाटतात.

दुपारी मंडळी आली. टेबलावर हिरवी बनात अंथरलेली. यांनी उलटून आलेला कोट अंगात घालून दाखवला आणि सगळ्यांनी वाहवा केली. मी माझ्या खुर्चीत बसले, माझ्या डाव्या हाताला माधवराव, उजवीकडं दत्तोपंत, समोर हे. सबजज्जांच्या गोष्टी निघाल्या. "वहिनी, म्हणजे आज तुमचा निरोपाचा डाव," माधवराव म्हणाले. मला वाटलं, मघाचं ते लाकडी धड माझ्या खुर्चीत बसलं असतं तरी हे सगळे असेच बोलले असते. पहिले दोन डाव तसेच गेले. मी बोलले, यांनी नो ट्रम्प केलं, मी पानं मांडली. तिसऱ्यांदा पानं वाटायची पाळी माझी होती. वाटली. उचलली. इस्पिकचा एक्का, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी, पंजी. सात इस्पिक! बदाम एकही नाही. किलवरचा राजा आणि दोन लहान पानं, चौकटची तीन भिकार. मी पदराला हात पुसले आणि बोलले, "एक इस्पिक."

माधवराव पास. हे घसा साफ करून म्हणाले, "तीन नो ट्रम्प." दत्तोपंत पास. आता मी पास म्हणायचं, की झालं. मी म्हटलं, "चार इस्पिक."

यांनी वर पाहिलं. मी ऐकलं नसेल असं त्यांना वाटलं असावं. सावकाश, बहिऱ्याला सांगावं तसं, हे म्हणाले, "चार नो ट्रम्प."

"पाच इस्पिक."

"अगं, मी नो ट्रम्प म्हणतोय."

"ऐकलं मी. पाच इस्पिक."

पाच इस्पिक म्हणजे सहाच्या वर पाच, तेरातले अकरा हात मी करणार. नवरा-बायकोनं एकमेकांच्या डोक्यावर चढत बोली इतकी वर नेलेली पाहून माधवरावांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. "डबल," ते म्हणाले, म्हणजे होत नाहीत तुमच्याच्यानं, दुपटीनं मार खा. यांचा पास. दत्तोपंतांचा पास. मी माधवरावांच्या हाताकडं पाहिलं. डाव्या टोकाला एक पान, किंचित सुटं, आणि त्याच्या कडेवर अंगठा. इस्पिकचा राजा माझ्याकडं नव्हता. यांच्याकडं असता तर हे एवढे घाबरले नसते. अंगठा फिरत होता. माझ्या पोटातला राग आता रागच राहिला नव्हता. त्याचं काहीतरी हलकं, थरथरणारं, फार गोड असं होत चाललं होतं.

"रिडबल," मी म्हटलं. दुपटीची चौपट.

माधवरावांनी पास म्हटलं. आता एकच दार उघडं होतं. हे पाच नो ट्रम्प म्हणू शकत होते, खेळ पुन्हा आपल्याकडं ओढू शकत होते. यांनी आपली पानं पाहिली, मला पाहिलं, पुन्हा पानं पाहिली. यांच्या कपाळावरची शीर मी अठरा वर्षं ओळखते. ती उडत होती. ह्या माणसाला मी स्वयंपाक, आजारपण, देवधर्म, सगळ्यातून पाहिलं होतं, पण तो माझ्यामुळं अडला आहे असं कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची कीव आली, आणि मी ती कीव दाबून टाकली.

"पास," हे म्हणाले.

माधवरावांनी टाकला बदामाचा एक्का. आणि यांना आपली पानं टेबलावर मांडावी लागली. कशी मांडायची हेही नीट जमेना. सवय कुठं होती? इस्पिकच्या चिमुकल्या दोन, बदामाचा राजा-गुलाम, किलवरचे एक्का-राणी, चौकटची एक राणी. मला एकदम सगळं दिसलं, गोणपाटावर दिसायचं तसं. बदाम माझ्याकडं नाहीच, तेव्हा माधवरावांचा एक्का मी हुकमानं मारला, आणि यांच्या बदामाचा राजा मोकळा झाला. त्याच्यावर चौकटचं एक भिकार पान जाईल. चौकटचे दोन हात मात्र द्यावे लागणार, त्याला इलाज नाही. म्हणजे इस्पिकचा एकही हात जाता कामा नये. म्हणजे तो राजा.

चारचौघांची रीत अशी, की राजा दत्तोपंतांकडं असेल असं धरायचं, समोरच्या पानांतून लहान इस्पिक खेळायचं आणि राणीवर त्याला चकवायचं. पुस्तकातही तेच, हे नेहमी खेळत तेही तेच. त्यासाठी आधी किलवरनं समोर जायला हवं. आणि मी विचार करते आहे तेवढ्यात यांचं बोट हळूच पुढं आलं आणि किलवरचा एक्का सुताएवढा पुढं सरकला.

"अहो," मी म्हटलं, "पानाला हात लावू नका. डमी आहात तुम्ही."

माझा आवाज मला ओळखू आला नाही. म्हणजे ओळखू आला, पण फार जुना. यांनी चटका बसल्यासारखं बोट मागं घेतलं. माधवराव हसायला गेले आणि माझं तोंड पाहून थांबले. "बरोबर आहे त्यांचं," दत्तोपंत हेडमास्तरी आवाजात म्हणाले. "नियम आहे."

मी वेळ घेतला. मला कुणी घाई केली नाही, हेच केवढं नवल होतं. टेबलावर यांची पानं उघडी पडली होती, तेरा, रंगासकट, काही लपवायला जागा न राहिलेली, आणि त्यांच्यामागं हे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. अंगठा चुकला तर? आज माधवराव नुसतेच चाळा करत असतील तर? तर मी चौपट मार खाणार, खुर्चीतून उठणार, आणि सगळे म्हणणार, बरं झालं, सबजज्ज आले. वर्षानुवर्षं म्हणणार, पाच इस्पिकची गोष्ट सांगून हसणार. पण मला माहीत होतं. माहीत असणं आणि ते माहीत आहे म्हणून वागणं, ह्या दोन गोष्टींच्या मध्ये मी एवढी वर्षं काढली होती. मी इस्पिकचा एक्का उचलला आणि टेबलावर टाकला. सरळ. न चकवता.

यांचे डोळे मिटले गेले. माधवरावांनी डाव्या टोकाचं पान ओढलं. ते एकटंच होतं, दुसरं द्यायला काही नव्हतं. इस्पिकचा राजा, दाढीमिशांसकट, माझ्या एक्क्याखाली येऊन पडला.

मग दत्तोपंत म्हणाले, "अरे वा!" आणि चष्मा काढला. पुढचं सगळं आपोआप झालं. दत्तोपंतांचे उरलेले हुकूम मी काढून घेतले. किलवरनं समोर गेले. "बदामाचा राजा," मी म्हटलं, आणि यांनी तो उचलून टाकला. मी पान सांगायची आणि हे टाकायचे. "किलवरची राणी." टाकली. "लहान चौकट." टाकलं. कसं सांगू काय वाटत होतं! आपल्या घरात आपण रोज झाडतो त्या खोलीला एक खिडकी आहे आणि ती आज उघडली, तसं काहीसं. पण त्याहून सांगायचं तर मला नुसतं बरं वाटत होतं, अंगभर, केसांच्या मुळांपर्यंत. शेवटचे दोन चौकट मी माधवरावांना आनंदानं देऊन टाकले. अकरा हात माझ्यापुढं आडवेउभे रचलेले होते. आणि मग माझ्या गळ्यातून तो आवाज निघाला. ठरवून नाही. मोठ्यानं, कोल्हारच्या रानातला. शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, काय झालं हो? काही नाही, मी ओरडून सांगितलं, जिंकले!

माधवराव आपल्या अंगठ्याकडं पाहत होते, काहीतरी शंका आल्यासारखे. "वहिनी, तुम्हाला कसं कळलं हो?"

"दम धरला तर सगळं कळतं," मी म्हटलं. यांनी माझ्याकडं पाहिलं. मला ते कळलं आहे हे त्यांना कळलं. यांचे कान हळूहळू लाल झाले, आणि मी ते लाल होऊ दिले.

मग दत्तोपंतांनीच विषय काढला, कारण वडीलधाऱ्या माणसाला तो काढता येतो. "नृसिंहराव, पुढच्या शनिवारी ते सबजज्ज येणार म्हणालात. मग बसायचं कसं?"

पूर्वी असं कुणी विचारलं की उत्तर यांच्याकडं तयार असे, आणि मी जमिनीकडं बघत असे. आता सगळे गप्प होते आणि ती जागा माझी आहे हे मला स्वच्छ दिसलं.

"येऊ देत की," मी म्हटलं. "पाच जण झालो तर पत्ते कापायचे. ज्याचं पान सगळ्यांत लहान निघेल तो तेवढा वेळ बाहेर."

"क्लबात हाच रिवाज होता," दत्तोपंत म्हणाले.

"आणि माझंच पान लहान निघालं तर?" यांनी विचारलं.

"तर चहाचं तुम्ही बघा."

माधवराव एवढ्यानं हसले की त्यांच्या हातातली पानं खाली पडली. दत्तोपंतही हसले. हे हसले नाहीत. खालचं एक पान उचलून माझ्यापुढं ठेवत, खरंच माहीत नसलेला माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं, "साखर कुठल्या डब्यात असते?"